नव्या उपायासाठी अनुदान मागताना: छोट्या संस्थेने प्रस्ताव कसा लिहावा

जुन्या सामाजिक प्रश्नावर एखाद्या संस्थेला नवा उपाय सुचतो, तेव्हा पहिली अडचण पैशाची आहे असे तिच्या कार्यकर्त्यांना वाटते. प्रस्ताव लिहिण्यात आणि देणाऱ्यांच्या बाजूने ते वाचण्यातही माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि त्यावरून सांगतो की पहिली अडचण त्याच्या आधीची असते. उपाय कोणासाठी आहे, दिवसाच्या कोणत्या वेळी, कोणाच्या हातून आणि किती रुपयांत होणार आहे, हे वीस पानांच्या प्रस्तावात शोधूनही सापडत नाही. "अभिनव", "सर्वांगीण" आणि "शाश्वत" हे तीन शब्द मात्र प्रत्येक पानावर असतात. ते तिन्ही शब्द काढून टाकून प्रस्ताव पुन्हा वाचावा. जे उरेल तेवढेच देणाऱ्याच्या हाती पडणार आहे.

पुढचे सगळे विवेचन एकाच उदाहरणाच्या आधारे केले आहे. उदाहरणातील संस्था आणि तिचे आकडे कल्पित आहेत, प्रश्न मात्र खरा आहे.

बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या जोडीने हंगामभर फेडायची असते. लहान मुले बरोबरच येतात. पहाटे चारच्या आसपास आई फडावर जाते आणि गावातली अंगणवाडी उघडते तेव्हा तिला ऊस तोडायला लागून पाच तास होऊन गेलेले असतात. त्या पाच तासांत दोन वर्षांचे मूल एक तर फडाच्या बांधावर, थंडीत आणि पाचटात असते, नाहीतर कोपीत, म्हणजे झोपडीत, सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या हवाली असते. आपल्या संस्थेला सुचलेला उपाय असा आहे की तळावरच, म्हणजे टोळीच्या मुक्कामाच्या जागी, एक पाळणाघर काढावे, ते पहाटे साडेतीनला उघडावे आणि टोळीतल्याच दोन बायकांनी ते चालवावे.

प्रश्न आधी मोजावा

"ऊसतोड कामगारांच्या मुलांचे आरोग्य आणि शिक्षण ही गंभीर समस्या आहे" या वाक्याने सुरू होणारे प्रस्ताव मी मोजता येणार नाहीत इतके वाचले आहेत. ते वाक्य खोटे नाही, पण त्यावरून देणाऱ्याला काहीच ठरवता येत नाही. त्याऐवजी दोन कार्यकर्त्यांनी चार दिवस तळावर राहावे, प्रत्येक कोपीत जावे आणि वहीत लिहावे. मग प्रस्तावाचा पहिला परिच्छेद असा होतो: "या तळावर १२० कोप्या आहेत. सहा वर्षांखालील मुले ४६ आहेत. त्यांपैकी ३१ मुले पहाटे आईबरोबर फडात जातात, ९ मुले दहा वर्षांखालील भावंडांकडे असतात आणि ६ मुलांजवळ आजी आहे." या तीन वाक्यांना खर्च केवळ एसटीच्या तिकिटांचा आणि चार दिवसांच्या जेवणाचा येतो, आणि दहा पानांच्या पार्श्वभूमीपेक्षा त्यांचे वजन जास्त असते. शिवाय ज्या ९ मुलांना भावंडे सांभाळतात, ती भावंडे शाळेत नसतात, हा दुसरा प्रश्न त्याच मोजणीतून आपोआप पुढे येतो.

नंतर नवे नेमके काय आहे ते एका वाक्यात लिहावे. पाळणाघर ही कल्पना नवी नाही, आणि ती आपण शोधून काढल्यासारखे लिहू नये; वाचणाऱ्याला ते लगेच कळते. इथे नवी आहे ती उघडण्याची वेळ आणि चालवणाऱ्या बायकांची निवड. एवढेच लिहावे, कारण तेवढे पुरेसे आहे. त्याखाली ज्या गोष्टींची आपल्याला खात्री नाही त्या लिहाव्यात. अंधारात, झोपेतले मूल दुसरीच्या हवाली करायला आई तयार होईल का? ऊसतोडीची मजुरी सोडून मानधनावर काम करायला टोळीतल्या बायका तयार होतील का, आणि मुकादम त्यांना सोडील का? नव्या उपायासाठी पैसे मागताना असे प्रश्न लपवण्याची संस्थांना सवय असते. मला तो मोठा तोटा वाटतो. प्रयोगासाठी पैसे देणारा माणूस प्रयोगात काय तपासले जाणार आहे हेच आधी शोधतो, आणि "तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस रोजची उपस्थिती १५ मुलांच्या खाली राहिली तर वेळ आणि जागा बदलू" असे वाक्य दिसले की त्याला समोरच्या संस्थेबद्दल विश्वास वाटू लागतो.

पुरावा कसा उभा करायचा याचा महाराष्ट्रातला सर्वांत चांगला धडा गडचिरोलीचा आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने नवजात बाळांची काळजी घरातच घेण्याची पद्धत बसवली. गावातल्याच बायकांना प्रशिक्षण दिले; त्या बाळंतिणीच्या घरी जात, बाळाचे वजन घेत, श्वास मोजत आणि जंतुसंसर्ग ओळखून उपचार करत. पण संस्थेने काम सुरू करण्याआधी १९९३ ते १९९५ या काळात मृत्यूंची नोंद करून घेतली होती, आणि ज्या ३९ गावांत काम केले त्यांच्या शेजारी ४७ गावे तुलनेसाठी ठेवली होती. म्हणून तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी कमी झाला असे ती ठामपणे सांगू शकली. १९९९ साली हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि त्यात एका बाळामागे येणारा खर्चही दिला होता, ५.३ डॉलर. पुढे २०११ साली आशा कार्यकर्त्यांमार्फत घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. छोट्या संस्थेला ८६ गावे जमणार नाहीत, हे उघड आहे. पण सुरुवातीची नोंद, शेजारचा एखादा तळ तुलनेसाठी आणि एका मुलामागचा खर्च या तीन गोष्टी तिलाही जमतात, आणि त्यांपैकी पहिली गोष्ट काम सुरू झाल्यावर कितीही पैसे ओतले तरी मागे जाऊन करता येत नाही.

कोणाकडे मागावे

कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी, म्हणजे सीएसआर, हा आज सर्वांच्या तोंडी असलेला मार्ग आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे, तिने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान २ टक्के या कामांवर खर्च करायचे असतात. कामे कोणती, हे कायद्याच्या सातव्या अनुसूचीत दिले आहे. आपला उपाय त्यातल्या कोणत्या बाबीत बसतो ते प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर लिहावे, म्हणजे कंपनी सचिवाला शोधत बसावे लागत नाही.

आपल्या उदाहरणात अनेकांच्या मनात सहज येईल की साखर कारखान्याकडेच मागावे. इथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. सहकारी साखर कारखाना सहकार कायद्याखाली नोंदलेला असतो, कंपनी नसतो, म्हणून त्याला कलम १३५ लागू होत नाही. तो मदत करील ती आपखुशीने, बहुधा जागा, पाणी आणि वीज यांच्या रूपाने, आणि ती मदत लेखी घेतली तर ती संस्थेचा हिस्सा म्हणून अंदाजपत्रकात दाखवता येते. खासगी कारखाना कंपनी असेल आणि निकषात बसत असेल तर सीएसआर देऊ शकतो, पण केवळ आपल्याच कर्मचाऱ्यांच्या लाभासाठी केलेला खर्च नियमांनुसार सीएसआर ठरत नाही, आणि मुकादमामार्फत आलेले मजूर या व्याख्येत येतात की नाही ते त्या कंपनीच्या सल्लागाराकडून आधीच विचारून घेणे बरे.

सीएसआरमध्ये नव्या उपायाला सोयीची एक तरतूद आहे आणि तिचा उपयोग संस्था फारच कमी करतात. कंपनीच्या संचालक मंडळाने एखादे काम "चालू प्रकल्प" म्हणून मंजूर केले, तर ते सुरू झालेले आर्थिक वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत चालू शकते, आणि त्यासाठी राखलेली पण न खर्चलेली रक्कम ३१ मार्चला हातची जात नाही. ती वेगळ्या बँक खात्यात ठेवून पुढे वापरता येते. ऊसतोडीचा हंगाम ३१ मार्चच्या पुढेही लांबू शकतो, त्यामुळे आपल्या पाळणाघरासाठी ही मागणी प्रस्तावातच करावी.

कंपनीच्या पैशाला मर्यादाही आहे. काम फसण्याची शक्यता असलेल्या टप्प्यावर कंपनीची समिती बिचकते. तिला वर्षअखेरीस मुलांची संख्या आणि छायाचित्रे हवी असतात. पहिल्या, सर्वांत अनिश्चित हंगामासाठी म्हणूनच मी न्यास आणि प्रतिष्ठानांकडे जाण्याचा सल्ला देईन. मुंबईतील टाटा ट्रस्ट्स, बेंगळुरूची अझीम प्रेमजी फाउंडेशन अशा मोठ्या संस्था ठरावीक विषयांत आणि ठरावीक प्रदेशांत अनुदान देतात. त्यांचे विषय आणि जिल्हे बदलत असतात, तेव्हा अर्ज करण्याआधी चालू वर्षाची सूचना वाचावी. शेती आणि ग्रामीण उपजीविकेचा उपाय असेल तर नाबार्डच्या जिल्हा विकास व्यवस्थापकांना भेटावे. गावातल्या शंभर देणगीदारांकडून गोळा केलेले दोन लाख रुपये मात्र मला पहिल्या हंगामासाठी सर्वांत मोलाचे वाटतात, कारण त्यांच्यावर कोणाची अट नसते आणि पुढच्या प्रत्येक देणाऱ्याला त्यातून दिसते की ज्यांना संस्था ठाऊक आहे त्यांनी तिला पैसे दिले आहेत.

परदेशी निधी हा वेगळा विषय आहे. विदेशी अंशदान नियमन कायद्याखालची नोंदणी मिळण्यासाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत तिने आपल्या मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा निधी फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारता येतो, त्यातून २० टक्क्यांपेक्षा जास्त प्रशासकीय खर्च करता येत नाही आणि तो दुसऱ्या संस्थेला पुढे देताही येत नाही. नोंदणी नसताना परदेशातल्या नातेवाइकाच्या मित्राने दिलेले परकीय चलन "नंतर बघू" म्हणून खात्यात घेऊ नये. सामाजिक शेअर बाजाराबद्दलही, म्हणजे सामाजिक संस्थांना निधी उभारता येतो त्या शेअर बाजाराच्या विभागाबद्दलही, आता विचारणा होते. तिथे ज्या रोख्यांतून पैसा उभारला जातो त्यांवर व्याज नसते आणि मुद्दलही परत मिळत नाही, आणि डिसेंबर २०२३ मध्ये बेंगळुरूच्या उन्नती फाउंडेशनने तिथे पहिली नोंद केली. तो मार्ग मोठ्या उलाढालीच्या संस्थांचा आहे. पहिल्या हंगामाच्या संस्थेने त्याच्या मागे वेळ घालवू नये.

कागदपत्रे

महाराष्ट्रातली बहुतेक संस्था संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० या दोन्हींखाली नोंदलेली असते. त्याशिवाय आयकराची बारा ए आणि ऐंशी जी ही दोन प्रमाणपत्रे, नीती आयोगाच्या दर्पण संकेतस्थळावरचा क्रमांक आणि सीएसआरसाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाकडचा सीएसआर-१ क्रमांक लागतो. हा शेवटचा क्रमांक १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचा आहे. कंपनीने स्वतः काढलेली नसलेल्या संस्थेला तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभवही दाखवावा लागतो. आयकराची प्रमाणपत्रे आता कायमची नसतात, त्यांना मुदत असते. ती तारीख कार्यालयाच्या भिंतीवर लिहून ठेवावी. १ एप्रिल २०२६ ही नव्या आयकर कायद्याच्या अंमलाची तारीख असल्याने त्यानंतरच्या कागदांवर कलमांचे क्रमांक वेगळे असतात, तेव्हा अर्जात क्रमांक लिहिताना सीएकडून तपासून घ्यावे.

सर्वांत जास्त अनुदाने माझ्या डोळ्यांदेखत अडली ती बदल अहवालामुळे. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्त कार्यालयात बदल अहवाल दाखल करावा लागतो. मी एका संस्थेबरोबर काम करत होतो. तिचा प्रस्ताव मंजूर झाला, कराराचा मसुदा आला, आणि तेव्हा लक्षात आले की धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीच्या उताऱ्यावर अजून सहा वर्षांपूर्वीचेच विश्वस्त आहेत, त्यांतले दोघे वारले आहेत, आणि बँकेत सही करणाऱ्यांपैकी एकाचेही नाव उताऱ्यावर नाही. देणाऱ्या संस्थेने आठ आठवडे वाट पाहिली आणि नंतर पैसे दुसरीकडे वळवले. तिला दोष देता येत नाही. म्हणून प्रस्ताव लिहायला बसण्याआधी उतारा, बँकेचे केवायसी, पॅन आणि बारा ए ही चार कागदपत्रे टेबलावर शेजारी शेजारी ठेवून संस्थेचे नाव, पत्ता आणि विश्वस्तांची नावे अक्षर न् अक्षर जुळतात का ते पाहावे. "प्रतिष्ठान" आणि "प्रतिष्ठाण" एवढ्या फरकानेही रक्कम परत गेलेली मी पाहिली आहे.

अंदाजपत्रक खरे असावे

आता पाळणाघराचा हिशेब मांडू. रोज सरासरी ३० मुले, सहा महिने, कामाचे १५० दिवस. पाळणाघर चालवणाऱ्या दोन ताईंचे मानधन प्रत्येकी दरमहा १०,००० रुपयांप्रमाणे १,२०,००० रुपये. आहार एका मुलामागे रोज ३५ रुपये, म्हणजे १,५७,५०० रुपये. पत्र्याची शेड, पाण्याची टाकी, सतरंज्या, झोळ्या आणि सौरदिवे मिळून ९०,००० रुपये. ताईंचे प्रशिक्षण २५,००० रुपये. अर्धवेळ समन्वयकाचे १२,००० रुपयांप्रमाणे ७२,००० रुपये. प्रवास ३०,००० रुपये. नोंदी, वजनकाटे आणि मूल्यमापन ४०,००० रुपये. ही बेरीज ५,३४,५०० रुपये होते.

इथे थांबून बहुतेक संस्था अर्ज पाठवतात आणि पुढचे वर्ष कर्जात काढतात, कारण कार्यालयाचे भाडे, हिशेबनिसाचा पगार, लेखापरीक्षणाची फी आणि वीजबिल या बेरजेत नाही. ते कोण भरणार? बेरजेवर १२ टक्के म्हणजे ६४,१४० रुपये संस्थेचा सामाईक खर्च म्हणून धरावेत आणि तो कसा काढला ते एका तळटीपेत लिहावे. एकूण ५,९८,६४० रुपये. "सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही" असे उत्तर कधी कधी मिळते. नियमातली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीने स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण व्यवस्थापनावर केलेल्या खर्चाला आहे. विशिष्ट प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांचा खर्च त्यात मोजला जात नाही. हे नम्रपणे, नियमाचा उल्लेख करून सांगावे. प्रत्येक कंपनी ऐकेल असे नाही, पण न सांगितल्यास कोणीच ऐकणार नाही.

नंतर एकूण रकमेला ४,५०० ने, म्हणजे ३० मुले गुणिले १५० दिवस यांनी, भागावे. एका मुलामागे दिवसाला सुमारे १३३ रुपये येतात. हा आकडा प्रस्तावाच्या पहिल्या पानावर असावा. उपस्थिती ३० ऐवजी २० राहिली तर तो किती होईल हेही खाली लिहावे, कारण समितीतला कोणीतरी ते विचारणारच. आणि रक्कम कमी करण्याचा आग्रह झाला तर दर कापू नयेत, दिवस किंवा मुले कमी करावीत; ताईंचे मानधन १०,००० वरून ६,००० वर आणले तर त्या दुसऱ्या आठवड्यात कोयता घेऊन फडात परत जातील आणि ज्या गोष्टीची परीक्षा घ्यायची होती तीच उरणार नाही.

वेळापत्रक, करार आणि अहवाल

कंपन्यांचा वार्षिक कृती आराखडा सीएसआर समितीच्या शिफारशीने संचालक मंडळ मंजूर करते, म्हणून पहिली भेट जानेवारी ते मार्च या काळात पुढच्या वर्षासाठी घ्यावी. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात उरलेल्या पैशासाठी धावणाऱ्या संस्थेला वस्तू मिळतात, दप्तरे आणि संगणक मिळतात. प्रयोगासाठी पैसे मिळत नाहीत. आपल्या उदाहरणात टोळ्या दसऱ्यानंतर निघतात, तेव्हा सप्टेंबरपर्यंत पहिला हप्ता खात्यात हवा, आणि त्यासाठी करार जुलैत व्हायला हवा. ही साखळी उलट्या दिशेने प्रस्तावात लिहून दाखवावी.

देणाऱ्यांचे प्रतिनिधी भेटीला येतील तेव्हा त्यांना दुपारी सत्काराला बोलावू नये. पहाटे साडेतीनला तळावर न्यावे. झोपेतल्या मुलाला खांद्यावर टाकून, एका हातात कोयता आणि डब्याची पिशवी घेऊन चुलीच्या धुरातून निघालेली आई एकदा पाहिली की कार्यक्रमाची वेळ का बदलायची हे वेगळे सांगावे लागत नाही. मात्र तिच्या परवानगीशिवाय छायाचित्र घेऊ देऊ नये, आणि मुलांचे चेहरे अहवालात छापू नयेत.

करारात तीन कलमे बारकाईने वाचावीत. हप्ते कोणत्या अटीवर मिळणार, एका बाबीतला पैसा दुसऱ्या बाबीत किती टक्क्यांपर्यंत परवानगीशिवाय वळवता येईल आणि काम मध्येच थांबले तर खरेदी केलेल्या वस्तू कोणाच्या. नव्या उपायात दुसरे कलम विशेष महत्त्वाचे, कारण सहा महिन्यांपूर्वी बांधलेला अंदाज तंतोतंत उतरत नाही. १० ते १५ टक्क्यांची मोकळीक मागावी. शेवटचा हप्ता लेखापरीक्षणानंतर मिळणार असेल तर मधल्या तीन महिन्यांचे मानधन कुठून देणार, हे सही करण्याआधी ठरवावे.

हंगामात ताईंनी रोज एकच तक्ता भरावा: कोणते मूल आले, किती वाजता आले, काय खाल्ले. वजन महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर. तुलनेच्या तळावरही वजनाची तीच नोंद ठेवावी, आणि तिथले एखादे मूल फारच खाली घसरलेले दिसले तर तुलना बाजूला ठेवून त्याला आधी आरोग्य केंद्रात न्यावे. पैसा ठरलेल्या कामावर खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र सीएकडून येईल, पण काय चुकले हे संस्थेनेच लिहायचे असते, आणि ते लिहावे: पहिल्या पंधरा दिवसांत फक्त नऊ मुले आली, कारण शेड विहिरीजवळ होती आणि आयांना अंधारात तिची भीती वाटत होती, शेड हलवल्यावर संख्या वाढली. टोळ्या गावाकडे परतण्याआधी, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, आयांची एक बैठक घ्यावी आणि पुढच्या हंगामात मूल पुन्हा इथे ठेवाल का, हे प्रत्येकीला वेगळे विचारून तिचे उत्तर तिच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. तो अहवाल मे महिन्यात देणाऱ्याच्या हाती पडला, तर समितीसमोर दुसऱ्या हंगामाचा प्रस्ताव जाईल तेव्हा या बायकांची उत्तरे त्याला जोडलेली असतील.